आधी पूजा, मग उकळी

रहाटणी, रविवार दुपार

प्रिय आत्याबाई,

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "गेलेल्या माणसाला कागुद धाडतीया, येड लागलं का हिला?" लागलं असेल! तुम्हाला जाऊन चार महिने झाले. त्यातून तुम्हाला अक्षर येत नव्हतं, म्हणजे हे पत्र तुम्हाला वाचून दाखवायलाही मीच लागले असते. तरी लिहायला बसले आहे, कारण उद्या माझी परीक्षा आहे आणि तिचा अभ्यास तुमच्याशी भांडल्याशिवाय होत नाहीये.

झालंय असं की मी पुण्याच्या ज्या इस्पितळात नर्सिंग शिकले, आणि अजून जिथं नोकरीला जाते, तिथल्या मेट्रनबाईंच्या मनात एक गोष्ट आली. नव्या शिकाऊ मुलींना नुसतं वॉर्डात फिरवून काय कामाचं? बायका बाळंत होतात त्या आपापल्या घरात, तेव्हा मुलींनी घरं बघायला हवीत. म्हणून उद्या सकाळच्या गाडीनं पाच-सहा मुली कासारवाडीला उतरणार आणि मी त्यांना नदी ओलांडून रहाटणी, काळेवाडी दाखवणार. निघण्याआधी त्यांना चार शब्द सांगायचे. या कामात पडताना काय ध्यानात ठेवायचं, ते.

चार शब्द! सकाळपासून पाटी घेऊन बसले आहे. "सेवा" लिहिलं, पुसलं. "त्याग" लिहिलं, तेही पुसलं. खरं सांगू का, मला त्या शब्दाचा रागच येतो. या मुली काय त्याग करायला आलेल्या नाहीत. एकीचा नवरा वारला आहे, एकीच्या पाठीवर धाकटी भावंडं आहेत, एकीला नुसतंच शिकायचंय आणि घरात ऐकलं जात नव्हतं. काम शिकतील, चोख करतील, पगार ताठ मानेनं घेतील. त्यात कमीपणा कसला?

हे असलं मी बोलले की तुम्ही तोंड फिरवायचात. आठवतं ना?

तुमच्या धाकट्या लेकानं मला या घरात आणलं तेव्हाचं तुमचं तोंड मी विसरलेले नाही. तो खडकीच्या कारखान्यात कामाला, विषमज्वरानं आमच्या वॉर्डात येऊन पडला. मी त्याचा ताप बघत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. जात एकच निघाली म्हणून आम्ही दोघं वाचलो, नाहीतर तुम्ही उंबरा ओलांडू दिला असतात होय! लग्न झालं, पण माझी नोकरी तुमच्या घशाखाली उतरली नाही. भावकीत तुम्ही सांगून ठेवलंत, आमची धाकटी पुण्याला शाळेत शिकवती. वर्षभर गावातल्या बाया मला मास्तरीणबाई म्हणायच्या आणि मी गप्प बसून हसायची. एकदा एकीनं तिच्या पोरीचे पाढे माझ्याकडून घोटून घ्यायचे म्हणून आणून बसवली! तुम्ही तेव्हा चुलीपुढून हलला नाहीत.

आणि त्या बांगड्या! कामावर काच चालत नाही, पेशंटला लागते, फुटते, खाली मळ धरते. मी घरून निघताना हिरवा चुडा काढून कोनाड्यात ठेवायची. तुम्ही कपाळावर हात मारून घेतला होता. "नवरा जित्ता हाय तुझा! मोकळ्या हातानं कुटं चाललीस?" रोज तेच. शेवटी मी म्हटलं, "आत्याबाई, ह्यांच्या नाडीला हात लावला तेव्हाही माझे हात मोकळेच होते. लागली का त्यांना नजर?" त्यावर तुम्ही भाकरी जरा जोरात थापलीत.

उद्या मुलींना हे सांगणार आहे. घरचे लोक हातांकडे बघतील, बांगड्यांवरून बोलतील, बोलू द्या. नखं मात्र कापलेली ठेवा. आणि बोलणं ऐकून घेताना हसू आलं तर ते आत ठेवायला शिका. मला हे जमायला बराच काळ गेला.

पण हे सगळं वरवरचं झालं. खरी गोष्ट हौसाबाईंच्या बाळंतपणाची आहे, आणि ती तुम्हाला विचारल्याशिवाय मुलींना सांगावी का, हाच माझा पेच आहे. म्हणून हे पत्र.

हौसाबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई, तुमची लाडकी सून. मी घरात आले तोवर त्यांची दोन मुलं गेली होती. दोन्ही चांगली जन्मली होती, रडली होती, पहिले दिवस पोटभर प्यायली होती. आणि मग पाचवी झाल्यावर कधीतरी दूध ओढेनाशी झाली. जबडा धरला, अंग ताठलं, हात लावला की आचके यायचे. गाव म्हणालं, सटवाईची करणी. कुणी म्हणालं, हौसाच्या पायाला दोष आहे. बिचारीनं दोन वर्षं मान वर केली नव्हती. मी लक्षणं ऐकली तेव्हाच ओळखलं. धनुर्वात. नाळ कापताना घाणेरडं हत्यार लागतं, नाहीतर वर राखबिख लावतात, त्यातून आत शिरतो. आमच्या इस्पितळात अशी बाळं गावोगावहून यायची, आणि फार थोडी परत जायची.

जाऊबाईंना पुन्हा दिवस गेले, तेव्हा मी तुमच्यापुढं बसून म्हटलं, यांना पुण्याला घेऊन जाते.

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "आमच्या घरातलं बाळातपण आमच्या उंबऱ्याच्या आत."

"मग मी करते. घरातच."

"तू कर की. मी कुटं न्हाई म्हनली?"

मी खूश! म्हटलं, केवढी लढाई अशी पटकन जिंकली. इस्पितळातून मी कात्री मागून आणली, फडक्यात गुंडाळलेली, आणि तुम्हाला दाखवली. तुम्ही ती उलटीसुलटी करून बघितलीत आणि विचारलंत, "ही पाचवीला पूजायला ऱ्हाईल घरात?"

"नाही हो. दुसऱ्या दिवशी परत द्यायची आहे."

"मंग सटवाईपुढं काय ठिवायचं? माझं डोस्कं?"

मला पहिल्यांदा कळेचना. मग तुम्ही सांगितलंत. ज्यानं नाळ कापली तोच विळा बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायचा आणि पाचवीच्या दिवशी पाट्यावर मांडून पूजायचा. तो विळा नसेल तर पाचवी होत नाही. पाचवी नाही तर सटवाई येत नाही. सटवाई आली नाही तर पोराच्या कपाळावर लिहिणार कोण? तुमच्या दोन्ही मुलांची नाळ त्याच विळ्यानं कापली होती. तुमच्या सासूबाईंनी तो तुमच्या हातात दिला होता.

मला शिकवलेलं होतं की असल्या समजुती मोडून काढा. सिस्टर ट्यूटर फळ्यावर लिहायच्या, अज्ञान दूर करणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहे. आम्ही उतरवून घ्यायचो. पण तुमच्यापुढं बसल्यावर मला एवढं कळलं, की मी कात्रीचा हट्ट धरला तर तुम्ही मला खोलीतच येऊ देणार नाही. आणि मी खोलीत नसेन तर बाळ मरेल. मग हट्ट कशाला?

"बरं," मी म्हटलं, "विळा तुमचाच. पण मी म्हणेन तसा घासायचा आणि मुठीसकट उकळायचा."

"इळा उकळायचा?" तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की जाऊबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. "बटाटं हायती का ते?" आणि मग थोडा विचार करून, "उकळ बाई. लोखंडाला पान्याचं काय भ्याव!"

अशी आपली सोयरीक जुळली. तुम्ही स्वतः विटेच्या भुकटीनं तो घासलात, पात्याला चमक येईस्तोवर. मी म्हटलं, "अजून." तुम्ही पुन्हा घासलात. तुमच्यासारखं घासून देणारं माणूस वॉर्डात मिळतं का सांगा!

जाऊबाईंना पहाटे कळा सुरू झाल्या आणि सकाळ वर आली तोवर नेटानं यायला लागल्या. मी चुलीवर मोठं पातेलं ठेवलं, त्यात विळा, बांधायचा दोरा आणि जुन्या लुगड्याची फडकी. चांगलं खळखळून उकळलं. उकळलेल्या फडक्याखाली विळा झाकून ठेवला आणि मी जाऊबाईंपाशी गेले. डोकं दिसायला लागलं होतं. मी त्यांना कळ देऊ नका, तोंडानं श्वास सोडा म्हणून सांगत होते, आणि त्या मला शिव्या देत होत्या. बाळंतीण शिव्या देते, मुलींनो, मनावर घ्यायचं नसतं. हेही सांगणार आहे.

मुलगा झाला. रडला, लगेच. बाया "आलं गं बया" म्हणून ओरडल्या. मी त्याला पुसून जाऊबाईंच्या पोटावर ठेवलं, दोरा बांधला आणि मागं हात केला, विळा द्या.

तुम्ही विळा दिलात. दोन्ही हातांवर घेऊन, कपाळाला लावून. पात्याला हळद लावलेली, वर कुंकवाची बोटं, आणि ते सारखं दिसावं म्हणून पदरानं पुसलेलं! त्याच पदरानं, ज्यानं तुम्ही सकाळी गोठ्यात गायीचं तोंड पुसलं होतं.

मी ओरडले. भावकीतल्या पाच-सात बायांसमोर, सून असून, सासूवर. "आत्याबाई, खाली ठेवा तो! खाली ठेवा म्हणते ना!"

एक बाई म्हणाली, "अगं, सासू हाय तुजी." मी म्हटलं, "म्हणूनच सांगते आहे." बाळ गरम होतं, आईच्या अंगाला लागून होतं, नाळ बांधलेली होती. नाळेला घाई नसते. घाई बघणाऱ्यांना असते. मला ठाऊक होतं की मी वाट बघू शकते, आणि ज्याला हे ठाऊक असतं त्याला भीती वाटत नाही. उद्या मुलींना सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नसलं तरी एवढं आहे. काय थांबू शकतं आणि काय थांबू शकत नाही, हे पाठ करा. मग खोलीत कुणी कितीही ओरडो.

तुमचा चेहरा मात्र मला बघवला नाही. तुम्ही विळ्याकडे बघत होतात. अपमान झाला म्हणून रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "पूजा न्हाई का करायची? रिकामाच लावायचा प्वाराला?"

आणि तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते कुठल्या फळ्यावर लिहिलेलं नव्हतं.

"करा की! कोण नको म्हणतंय? पण आधी करा. हळद लावा, कुंकू लावा, पाया पडा, काय मागायचं ते मागून घ्या. मग पाण्यात सोडा. पाण्यातून निघाल्यावर मात्र माझ्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही. सटवाईनंसुद्धा नाही."

"आदी पूजा, मंग उकळी?"

"आधी पूजा, मग उकळी."

तुम्ही मान हलवलीत. विळा जमिनीवर ठेवलात, हात जोडलेत आणि मोठ्यानं म्हणालात, "आई, आमची धाकटी म्हनती तसं हाय, रागावू नगंस." मग तो पातेल्यात सोडलात. चूल विझत आली होती, तुम्ही फुंकणी घेऊन बसलात. पाणी पिवळंधमक झालं. "किती येळ?" "मी सांगेपर्यंत." एका बाईनं लाकूड सारायला हात पुढं केला तर तुम्ही तिच्या हातावर फुंकणी मारलीत. मला एवढ्या गडबडीतही हसू आलं.

नाळ कापली. वर राख नाही, तेल नाही, शेण नाही. नुसतं उकळलेलं फडकं. राखेची वाटी घेऊन एक म्हातारी आली होती, तिला तुम्हीच दारातून परत पाठवलंत. "आमच्यात आता उकळत्यात," म्हणालात, जणू चार पिढ्यांची रीत!

पाचवीला पाट्यावर विळा मांडला. तुम्ही मला हळूच म्हणालात, "तूबी पड की पाया." मी पडले. इस्पितळातल्या माझ्या मैत्रिणींनी बघितलं असतं तर काय म्हणाल्या असत्या? काही का म्हणेनात. त्या दिवशी त्या घरात सगळ्यांत स्वच्छ वस्तू तीच होती.

मग ते दिवस सुरू झाले, ज्यांत आधीची दोन्ही गेली होती. तुम्ही अन्न सोडल्यासारखं केलंत. सकाळी उठल्याबरोबर दाराशी येऊन विचारायचात, "वढतंय का?" जाऊबाई आतून सांगायच्या, "वढतंय." की तुम्ही गोठ्याकडे जायचात. मी कामावरून परत आले की तोच प्रश्न मला. मी त्याची बेंबी बघायची, हात धुऊन. तुम्हालाही हात धुवायला लावायची. साबणाला तुम्ही नाक मुरडलंत, "म्हशीच्या चरबीचा आसंल," पण धुतलेत.

आणि एका सकाळी जाऊबाईंचा आवाज आला, "वढंना गं! वढंना झालं!"

मी कामावर निघाले होते. पायातल्या वहाणा तशाच घेऊन आत धावले. तुम्ही भिंतीला धरून खाली बसलात. बाळ तोंड लावत होतं, सोडत होतं आणि चिडून रडत होतं. रडत होतं, आत्याबाई! तोंड मोठं उघडून. ज्याचा जबडा धरतो त्याला असं रडता येत नाही. मी बोट धुऊन त्याच्या तोंडात घातलं, तो ते चोखायला लागला. मग नाकाकडं बघितलं तर शेंबडानं दोन्ही नाकपुड्या बंद. नाक बंद, तोंडात दूध, श्वास घेणार कुठून लेकरू? कापसाची वात ओली करून नाक साफ केलं आणि परत आईपाशी दिलं. असं प्यायला लागला की जाऊबाईंच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून "आई आई" एकदमच.

मी बाहेर येऊन म्हटलं, "सर्दी आहे."

"सर्दी," तुम्ही म्हणालात. "नुसती सर्दी?" आणि पदर तोंडाला लावून रडलात. या घरात तुम्हाला रडताना मी तेवढंच एकदा बघितलं. मला त्या दिवशी गाडी चुकली, मेट्रनबाईंची बोलणी खाल्ली. मला काही वाटलं नाही.

बारसं झालं. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. आणि बारशाच्या दुसऱ्या दिवशी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो, तुम्ही आणि मी. तुम्ही शेंग फोडायची थांबलात.

"धाकटे, एक इचारू का?"

"विचारा."

"आदीची दोन. त्यांचीबी नाळ मीच कापली. त्योच इळा. न उकळता." मग हातातली शेंग तशीच खाली ठेवलीत. "मंग ती माज्या हातानं गेली व्हय गं?"

आत्याबाई, मला शाळेत सगळं शिकवलं. सुई कशी धरायची, चादरीचा कोपरा कसा मोडायचा, मेलेल्या माणसाचे डोळे कसे मिटायचे. याचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं. नाही म्हणावं, तर तुम्हाला खोटं लगेच कळलं असतं. माझ्या चेहऱ्यावरून तुम्ही मीठ कमी पडलेलं ओळखायचात! हो म्हणावं, तर त्या एका शब्दानं तुम्ही जन्मभर जळत राहिला असतात.

मी विचार केला की खरं पूर्ण सांगावं. अर्धं खरं सांगितलं की ते माणसाला खातं.

"तुम्हाला जे माहीत होतं ते तुम्ही जीव लावून केलंत," मी म्हटलं. "उकळायचं असतं हे माहीत होतं आम्हाला. आम्ही पुण्यात बसलो होतो. रहाटणी काय लांब आहे? गाडीत बसलं की कासारवाडी, आणि तिथून नदी. कुणी आलं नाही तुम्हाला सांगायला. आम्ही उशिरा आलो, आत्याबाई."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, आता रागवाल, का रडाल. तुम्ही टरफलं पदरात गोळा केलीत, उठलात आणि गोठ्यात गेलात. दिवे लागले तरी बाहेर आला नाहीत. मी रात्रीची भाकरी वाढली, तुम्ही खाल्लीत. मला वाटलं, मी चुकले, बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुवायला गेलो. गावातल्या निम्म्या बाया तिथं. एकजण नातवाचं कौतुक करायला लागली, हौसाचं नशीब फळलं म्हणाली. तुम्ही लुगडं दगडावर टाकलंत आणि उभ्या राहिलात.

"नशीब न्हाई," तुम्ही म्हणालात, अशा आवाजात की पलीकडच्या काठालाही ऐकू जावं. "माजी दोन नातवंडं मळक्या इळ्यानं गेली. माज्या हातानं. मला म्हाईत नव्हतं. आता तुमाला म्हाईत झालंय. कुनाच्या घरात पोटुशी हाय तिनं माज्याकडं यायचं. आमची धाकटी शाळंत शिकवत न्हाई. नर्स हाय ती."

मी खाली मान घालून एकच चादर घासत बसले होते, माझ्या डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं. मला शाबासकी द्यायला तुम्हाला कधी जमलं नाही, ही माझी तक्रार होती. त्या दिवशी संपली.

नंतर तुम्ही थांबलाच नाहीत! काळेवाडीपर्यंत पायी जायचात. पोटुशी दिसली की तिच्या सासूला गाठायचात. मी सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, पुण्याची शिकलेली, हिला काय कळतंय आमच्यातलं. तुम्ही सांगायचात तेव्हा ऐकायच्या, कारण तुम्ही स्वतःची दोन आधी सांगायचात. दर वेळी. ती सांगताना तुम्हाला काय होत असेल हे मी कधी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नसतंत.

आता मला सांगा, उद्या हे त्या मुलींना सांगू का? तुमच्या नावानिशी? सकाळपासून मी हाच विचार करते आहे, आणि लिहितालिहिता उत्तरही मिळालं. जी बाई नदीकाठी सगळ्या गावाला सांगते, तिच्यासाठी मी कशाला पडदा धरू?

तर असं सांगणार. घरात गेल्यावर आधी बसा, उभ्यानं बोलू नका. त्यांच्या घरात काय पूजतात ते विचारा. त्यावर हसू नका आणि ते हिसकावून घेऊ नका, फक्त त्याची जागा बदला. आधी त्यांचं, मग पाणी, मग तुमचे हात. चूक दिसली तर सासू असो नाहीतर डॉक्टर असो, मोठ्यानं बोला. आणि एखादीनं डोळ्यांत बघून विचारलं की माझ्या हातानं गेलं का, तर खोटं बोलू नका आणि तिला एकटीलाही सोडू नका. त्यातला आपला वाटा आधी उचला.

पिंपरीला आता औषधांचा मोठा कारखाना उभा राहिलाय, तुम्ही गेल्यावर तर माणसांची नुसती रीघ लागली आहे. परजिल्ह्यांतून बिऱ्हाडं येतायत, खोल्या भरतायत. त्यांच्या बायांना इथं ना आई ना सासू. त्यांची दारं कुणी ठोठावायची? हौसाबाई म्हणाल्या, मी येते तुमच्याबरोबर, मला दारं ठाऊक आहेत. कडेवर पोरगा घेऊनच येणार आहेत. त्याला बघितलं की मला निम्मं बोलावं लागणार नाही.

आत्याबाई, एक शब्द देते. या मुली शिकून माझ्या हाताखालून जातील तेव्हा त्यांना नाळ कापता येईल, ताप बघता येईल, हे तर होईलच. पण रहाटणीपासून चिंचवडपर्यंत एखाद्या घरात पोटुशी बाई आहे हे कळलं आणि आमच्यातलं कुणी कळा सुरू व्हायच्या आधी तिच्या दारात पोचलं नाही, असं मी होऊ देणार नाही. पावसाळ्यात नदीला पूर असला तरी होडीवाल्याशी भांडून जाऊ. तुमच्यापुढं मी एकदा म्हटलं होतं, आम्ही उशिरा आलो. तेच वाक्य दुसऱ्या कुठल्या म्हातारीला सांगायची पाळी मी या पोरींवर येऊ देणार नाही.

चला, उन्हं उतरली. गणवेशाला खळ घालायची आहे.

तुमचीच,
धाकटी सून
सुमन, नर्स